इंग्रजीचा तास, आणि शिवाय ग्रंथालय, वक्तृत्व, नाटक

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीचे शिक्षक म्हणून रुजू झालात की जूनच्या पहिल्याच बैठकीत कळतं, तासिका हे अर्धंच काम. कामांचं वाटप होतं आणि नव्या माणसाच्या गळ्यात बहुतेक वेळा ग्रंथालय, वक्तृत्व आणि स्नेहसंमेलनातलं नाटक पडतं. ज्येष्ठांना ती नको असतात म्हणून आपल्याकडे येतात, हे उघड आहे. तरी घ्या. फक्त ही तीन कामं आणि इंग्रजीचा तास, चारही एकाच गाडीला जुंपा. वेगवेगळी ओढायला गेलात तर दिवाळीपर्यंतच दम निघेल.

सुरुवात कपाटाच्या किल्लीपासून. ग्रंथपाल नसलेल्या शाळेत पुस्तकं बहुधा कुलपात असतात, कारण हरवलं तर भरून कोण देणार, ही भीती. म्हणून चार्ज घेतानाच दाखल नोंदवही (शाळेत आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ती) आणि कपाट ताडून पाहा, नसलेल्या पुस्तकांची यादी करा, त्यावर मुख्याध्यापकांची सही घ्या. मग पुस्तकं बिनधास्त वाटता येतात. वर्गीकरणाचा बाऊ करू नका. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई पद्धतीत लोककथा ३९८, इंग्रजी नाटकं ८२२, इंग्रजी कथा-कादंबऱ्या ८२३, एवढं आठवी-नववीला दाखवलं तरी पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात मुलं गांगरत नाहीत. पाचवी-सहावीला रंगीत चिकटपट्ट्या पुरतात. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्येच पहिलं सूत्र म्हणून मांडलं. १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, त्यांच्या फोटोला हार घालून कपाट पुन्हा बंद करणाऱ्या शाळाही मी पाहिल्यात.

त्याआधी येतो १ ऑगस्ट. टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंती, दोन्ही एकाच दिवशी. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ इथून निघालेलं प्रत्येक भाषण शेंगांच्या टरफलांपाशी पोचतं. त्यात पोरांचा दोष नाही, भाषण घरून लिहून आलेलं असतं. यावरचा उपाय त्याच कपाटात आहे. मुलीला अण्णाभाऊंची एक कथा वाचायला द्या आणि त्यातला तिला आवडलेला एकच प्रसंग सांगायला लावा. कागद नको, चार-पाच शब्दांचं टिपण चालेल. सुरुवातीला ती अडखळेल, पण आवाज तिचा स्वतःचा असेल. हातवारे शिकवूच नका. सांगण्यात जीव आला की हात आपोआप हलतात.

इंग्रजी बोलताना आपल्या मुलांची अडचण व्याकरणाइतकीच आघाताची असते. आपण शब्दातल्या अक्षरांना जवळपास सारखं वजन देतो. इंग्रजीत एक उचलायचं आणि बाकीची अर्धवट गिळायची. फळ्यावर ‘फोटोग्राफ’ आणि ‘फोटोग्राफर’ लिहा. पहिल्यात जोर ‘फो’वर, दुसऱ्यात तो ‘टॉ’वर सरकतो आणि ‘फो’चा नुसता ‘फ’ उरतो. जोराच्या जागी टाळी वाजवून म्हणवून घ्या. बोलण्यावर एवढा वेळ कशाला, असं पालकांनी विचारलं तर सांगा, दहावीला लेखी परीक्षा ८० गुणांची, उरलेले २० तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे.

नाटकासाठी तयार संहिता शोधत बसण्यापेक्षा वर्षभर वाचलेल्या गोष्टींपैकी एक मुलांकडूनच संवादांत उतरवून घ्या. स्वतः लिहिलेलं पाठ लवकर होतं. एखादं पात्र इंग्रजीत बोलू दे, बाकीची मराठीत. लोक खुशीत हसतात आणि इंग्रजीची धास्तीही जाते. खरी कटकट माईकची. ते असतात दोन-तीन, आणि आपलं वाक्य आलं की प्रत्येक पात्र माईककडे धावतं, त्यामुळे रंगमंचावर नाटकाऐवजी रेशनची रांग दिसते. तालमी पटांगणात, माईकशिवाय घ्या. लांब एका मुलाला उभं करा; ऐकू आलं नाही की त्याने हात वर करायचा. रंगीत तालमीपर्यंत आवाज सुटलेला असतो.

दुसऱ्याची संहिता घेतलीत तर एक लक्षात ठेवा. शाळेतली मुलं, शिक्षक आणि पालक यांच्यापुरत्या प्रयोगाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. बाहेर स्पर्धेला न्यायची असेल तर लेखकाची लेखी परवानगी हवी, शिवाय नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची चौकशी करावी लागते. ही धावपळ संहिता निवडतानाच उरका, कपडेपट ठरवताना नव्हे.

एप्रिलमध्ये पुस्तकांची पुन्हा पडताळणी करा. काही गहाळ होतील, काहींची पानं सुटलेली असतील. फाटक्या पुस्तकांचा निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव लगेच लिहा, हरवलेल्यांची यादी वेगळी द्या. आणि नवी खरेदी करायची असेल तर मुलांनी वर्षभर कोणती पुस्तकं पुन्हा पुन्हा नेली ते देवघेव नोंदवहीत बघा, प्रकाशकाच्या कॅटलॉगात नंतर.