टर्बो गाडीत इथेनॉल भरण्याआधी नळीत मोजून पाहा

टर्बो गाडी (जिच्या इंजिनात पंख्यानं जादा हवा दाबली जाते) इथेनॉलवर ट्यून केली, म्हणजे इंजिनाची इंधनाची मांडणी त्याप्रमाणे बसवली, पण कॅनमध्ये खरंच किती टक्के इथेनॉल आहे हेच माहीत नाही, ही अडचण. ८५ टक्क्यांच्या मिश्रणाला पेट्रोलपेक्षा अंदाजे ३० टक्के जास्त इंधन लागतं. ट्यूनिंग एकाचं आणि टाकीत दुसरंच असलं, तर बूस्टवर, म्हणजे टर्बो जोरात हवा दाबत असताना, इंजिन ठोकतं: इंधन अवेळी पेटून खडखड होते. आपल्याकडं गावातून ट्यूनिंगवाल्याकडं जायचं म्हणजे नागपूरची खेप, म्हणून हे घरीच करा.

१. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी १०० मिलीची खुणा असलेली काचेची नळी घ्या. फवारणीच्या औषधाचं माप चालत नाही, त्यात रेघ नीट दिसत नाही.
२. ५० मिली पाणी, त्यावर ५० मिली इंधन. पाण्यात शाईचा एक थेंब टाका.
३. बूच लावून हळू हलवा, मधूनमधून बूच सैल करून वाफ सोडा.
४. दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं, खालचा थर वाढतो.
५. खालच्या थरातून ५० वजा करून दुप्पट करा. थर ६० वर आला तर २० टक्के.

जास्त इथेनॉल असलं की आकडा थोडा कमीच दिसतो, कारण पाण्यात मिसळताना एकूण माप आटतं.

हे सगळं अंगणात, सावलीत करा, चुलीपासून लांब. इथेनॉलची ज्योत उन्हात दिसतही नाही. आणि तपासलेलं इंधन परत टाकीत ओतायचं नाही, त्यात आता पाणी आहे बाप्पा!