धातूच्या दांडीचा पाइप: ओढावा कसा, जपावा कसा

धातूच्या दांडीच्या पाइपबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, धूर मस्त गार मिळतो. दुसरा म्हणतो, सारखा गुडगुडतो आणि तोंडात कडू पाणी येतं. दोघंही खरं बोलतात, कारण दोन्ही अनुभवांचं मूळ एकच आहे. तंबाखू जळताना तिच्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती धुराबरोबर दांडीत शिरते. ॲल्युमिनियम उष्णता पटकन ओढून हवेत सोडतं, त्यामुळे धूर निवतो आणि निवताना वाफेचं पाणी होतं. लाकडी पाइपमध्ये त्यातलं थोडं पाणी लाकूड पिऊन टाकतं. धातू एक थेंबही पीत नाही. तेव्हा या पाइपमध्ये जमलेलं सगळं पाणी तुम्हालाच पुसून काढायचं असतं. एवढं लक्षात ठेवलं की पुढच्या प्रत्येक पायरीचं कारण आपोआप कळतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी असा समज आपल्याकडे बराच आहे. तो चुकीचा आहे. पाइपच्या धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं, आणि तोंड, ओठ, घसा यांच्या कर्करोगाचा धोका पाइपनेही वाढतो. जो ओढत नाही त्याने हा लेख वाचून सुरुवात करू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. जो ओढतोच, त्याने निदान घाणेरड्या पाइपमधून ओढू नये. आणि ज्याला आजोबांच्या ट्रंकेत असा पाइप सापडला आहे आणि तो फक्त आठवण म्हणून नीट करून ठेवायचा आहे, त्याला या लेखाचा अर्ध्याहून अधिक भाग उपयोगी पडेल. नाशिकरोड-देवळाली भागात लष्करातून निवृत्त झालेल्यांची घरं पुष्कळ, तिथल्या जुन्या कपाटांतून असे पाइप निघण्याचा संभव जास्त.

हातात कोणता पाइप आहे ते ओळखा

दोन जाती माहीत असल्या तरी काम भागतं. पहिला फाल्कन. अमेरिकेत 1930 च्या दशकात केनली बग यांनी ही रचना काढली आणि पुढे इंग्लंडमध्ये ती अफाट खपली. सडपातळ ॲल्युमिनियमची दांडी, तिच्या टोकाला एक खोलगट बशी आणि त्या बशीत आट्यांनी फिरवून बसवायचा बाउल, म्हणजे तंबाखू भरायची वाटी. बाउलच्या बुडाला भोक असतं. धूर त्या भोकातून बशीत उतरतो, तिथे पाणी टाकतो आणि मग दांडीत जातो. दुसरा कर्स्टन. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात वैमानिकी अभियांत्रिकी शिकवणाऱ्या फ्रेडरिक कर्स्टन यांचा हा पाइप. याची दांडी जाड नळीसारखी, पुढच्या टोकाला फिरवायची चकती आणि आत सरकवलेला धातूचा भाग. इथे पाणी बशीऐवजी नळीच्या भिंतीवर जमतं.

दोन्हींमध्ये बाउल बहुधा ब्रायरचा, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणाऱ्या गाठीच्या लाकडाचा असतो. उष्णता सोसण्यात त्याचा हात धरणारं लाकूड क्वचितच सापडेल. फाल्कनला पांढऱ्या मीरशॉम दगडाचं अस्तर असलेले बाउलही मिळतात, त्यांची निगा वेगळी आहे. ती पुढे सांगतो.

पाइप उघडणं

फाल्कनचा बाउल थंड असताना डावीकडे फिरवा. निघाला तर उत्तम. नाही निघाला तर जोर लावू नका, पान्याने तर मुळीच नाही. बाउलचे आटे लाकडाचे असतात, बशीचे धातूचे. भांडणात लाकूडच हरतं. जुना कीट आट्यांत सुकून बसलेला असतो, त्यासाठी मेडिकलच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. कापसाच्या काडीने जोडावर दोन-चार थेंब सोडा, पाइप उलटा धरा आणि अर्धा तास थांबा. मग रबरी हातमोजा घालून मुठीत बाउल धरून फिरवा. एका वेळी नाही तर तिसऱ्या-चौथ्या वेळी सुटतो. अल्कोहोल बाउलच्या बाहेरच्या रंगावर ओघळू देऊ नका, पॉलिश उतरतं.

कर्स्टनचा आतला भाग अडकला असेल तर बाउल आधी काढून घ्या, मग दांडी अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. इथेही घाई करणाऱ्याचा पाइप वाकतो.

अल्कोहोल पेट घेतं. हे काम गॅसच्या ओट्याजवळ करू नका, आणि पाइप पूर्ण सुकल्याशिवाय पेटवू नका.

धुणं आणि घासणं

सुटी झालेली धातूची दांडी कोमट पाण्यात भांड्याच्या साध्या लिक्विडने धुता येते. लाकडी पाइपवाल्यांना हे सुख नाही. आतून पाइप क्लीनर फिरवा. पाइप क्लीनर म्हणजे तारेवर कापसाचे तंतू वळलेली काडी. क्लीनर पांढरा बाहेर येईपर्यंत काम चालू ठेवा. माउथपीसची, म्हणजे तोंडात धरायच्या भागाची, फट अरुंद असते, तिथे क्लीनर थोडा अल्कोहोलमध्ये भिजवा, पण माउथपीस ॲक्रिलिकचा असेल तर फक्त साबणाचं पाणी वापरा.

आता आपल्या घरातला मोह. नाशकातल्या घरात तांब्या-पितळेची भांडी चिंचेने, लिंबू-मिठाने नाहीतर पितांबरीने लख्ख करायची सवय असते. भांडी बाजारातून आणलेल्या घंगाळाला ते शोभतं, ॲल्युमिनियमला नाही. आंबट आणि खारट एकत्र आलं की ॲल्युमिनियमवर डाग आणि बारीक खड्डे पडतात. धुण्याचा सोडा तर त्याहून वाईट, तो धातू चक्क खातो आणि दांडी काळी पडते. तारेची घासणीही नको, कारण बऱ्याच दांड्यांवरचा रंगीत किंवा चमकदार थर त्या घासणीने निघतो, आणि तो परत चढवणं घरच्या आवाक्यातलं नाही. मऊ फडकं, साबण, चिकाटी. बस.

बाउल पाण्याखाली धरू नका. आतली काजळी बोथट सुरीने किंवा रीमरने (काजळी खरवडायच्या हत्याराने) हलक्या हाताने खरवडा. सगळी काढायची नाही. साधारण एक मिलिमीटर कोळशाचा थर ठेवायचा, कारण तो लाकडाला जळण्यापासून वाचवतो. थर फार जाड झाला तर तापल्यावर लाकडापेक्षा जास्त फुगतो आणि बाउलला तडा जातो. टोकदार सुरी नको, ती बुडाचं भोक वाकडं मोठं करते. मीरशॉमच्या बाउलला मात्र उलटा नियम: तिथे थर जमूच द्यायचा नाही, प्रत्येक वेळी कागदाने किंवा मऊ कापडाने आतून पुसून घ्यायचं.

खरवडून झालं की आट्यांवर मऊ शिसपेन्सिल घासा. पेन्सिलीतल्या ग्राफाइटची ती काळी भुकटी आटे सहज फिरवते आणि पुढच्या वेळी बाउल अडकत नाही.

निघालेला काळपट चिकट कीट उघड्या कचऱ्यात टाकू नका. त्यात निकोटिन भरपूर असतं. घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर कागदात गुंडाळून, पिशवीला गाठ मारून टाका, आणि हात साबणाने धुवा.

भरणं आणि पेटवणं

बशी आणि दांडी कोरडी आहे याची खात्री करा. फाल्कनसाठी बशीत ठेवायच्या शोषक कागदी कड्या मिळतात. हाताशी नसतील तर टिश्यूपेपरची छोटी चकती कापून मधोमध भोक पाडून ठेवा, हवेची वाट मोकळी राहिली पाहिजे.

या पाइपला तंबाखू कोरडीकडे झुकलेली लागते. चिमूट दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओली आहे, कुरकुरली तर फार वाळली, सावकाश उलगडली तर बरोबर. नाशकात हे गणित ऋतूप्रमाणे बदलतं. एप्रिलमध्ये कागदावर पसरलेली तंबाखू बघता बघता वाळते. जुलैमध्ये तीच उघडी ठेवली तर उलट हवेतला ओलावा पिऊन बसते, तेव्हा टेबललॅम्पच्या उबेत दहा-पंधरा मिनिटं ठेवा. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात राहणाऱ्यांनी तर पावसाळ्यात डबा उघडायचा तो हवं तेवढं काढण्यापुरताच. झाकण घट्ट लागणारी काचेची बरणी सगळ्यात चांगली.

भरताना पहिली चिमूट नुसती पडू द्या. दुसरी बोटाने किंचित दाबा. तिसरी आणखी थोडी दाबा, पण वरून बोट टेकवलं तर स्प्रिंगसारखी परत आली पाहिजे. न पेटवता ओढून बघा. हवा सहज आली पाहिजे. अडली तर सगळं काढून परत भरा, कारण ठासून भरलेला पाइप जोरात ओढावा लागतो, जोरात ओढला की तापतो, आणि तापला की दांडीत पाणीच पाणी.

काडेपेटीची काडी घ्या, गंधक जळून जाऊ द्या, मग ज्योत वर्तुळात फिरवत हलके झुरके घ्या. तंबाखू फुगून वर येईल आणि बहुधा विझेल. टँपरने, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दट्ट्याने, ती हलकी दाबून सपाट करा आणि पुन्हा पेटवा. खरं पेटणं हे दुसरं.

आता सावकाश. एक बाउल अर्धा-पाऊण तास चालावा. या पाइपचा एक मोठा गुण म्हणजे तो तुमची घाई लगेच दाखवून देतो: दांडी बोटांना चटका देऊ लागली तर तुम्ही फार जोरात ओढताय. पाइप खाली ठेवा, विझला तर विझू द्या. कुंभमेळ्यात साधूंच्या चिलमीच्या बुडाशी गुंडाळलेली ओली साफी पाहिली असेल, तिचंही काम धूर गार करण्याचंच असतं. पण साफी पिळता येते, बदलता येते. इथे साफीचं काम दांडी करते, म्हणून तिला श्वास घ्यायला वेळ द्या.

गुडगुड ऐकू आली की क्लीनर माउथपीसमधून आत घाला, पाच सेकंद ठेवा, काढा. कर्स्टन असेल तर माउथपीस वर धरून घाला, नाहीतर तेच पाणी तोंडाकडे येतं. डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा एक आकडी होतो त्या दिवसांत, गच्चीवर ओढताना हे काम जास्त वेळा करावं लागेल. दांडी जितकी गार, तितकी वाफ लवकर पाणी होते.

गच्ची किंवा स्वतःच्या घराचं अंगण, इतकंच. 2003 च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, 200 रुपयांपर्यंत दंड होतो, आणि गोदाघाट काय किंवा हॉटेल काय, पाइप सिगारेटपेक्षा वेगळा मानला जात नाही. घरातही मुलं असतील तिथे नको. दुसऱ्याच्या फुप्फुसात जाणारा धूर आपल्या शौकाचा भाग होऊ शकत नाही.

ओढून झाल्यावर

राख झटकून घ्या, बाउल हाताला सोसेल इतका निवला की लगेच फिरवून काढा. फाल्कनमध्ये हे पाच मिनिटांत करता येतं आणि केलंच पाहिजे, कारण ओलं असताना जे टिश्यूने एका फिरकीत पुसलं जातं तेच सुकल्यावर डांबर होतं. बशी पुसा, दांडीतून एक क्लीनर फिरवा, बाउलच्या भोकातून एक. बाउल आणि दांडी वेगवेगळी ठेवा, जोडून नको. बाउलला किमान एक दिवस विश्रांती द्या. एकाच दांडीला दोन-तीन बाउल ठेवले तर ते आलटून पालटून वापरता येतात, मला हा या पाइपचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

बाउल बसवताना टेकला की थांबा. घट्ट पिळायची गरज नसते. तापल्यावर लाकूड फुगून आपोआप पक्कं बसतं.

मोडलं तर

नव्या कर्स्टनमध्ये रबरी ओ-रिंग असतात, त्या वाळून चिरतात आणि हवा गळू लागते. जुनी रिंग सोबत घेऊन सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या ऑइलसीलच्या दुकानात जा, मापाची मिळते. उष्णता सोसणारी मागा. बशीचे आटे घासले गेले असतील तर लेथवाल्याला दाखवण्याआधी एक साधा उपाय करा: बाउलच्या आट्यांवर शुद्ध मधमाशीच्या मेणाचा पातळ हात द्या. बऱ्याचदा तेवढ्याने पकड येते. नाही आली तर बाउल बदलावा. बाउल तुलनेने स्वस्त, दांडी महाग, आणि लेथवर एकदा नवे आटे पाडले की त्या दांडीला कंपनीचा दुसरा कुठलाही बाउल बसत नाही.