पुण्याच्या थंडीत शिडाच्या डिंगीची निगा: डिसेंबर ते होळी

दिवाळी सरली की खडकवासला, पवना, पानशेतच्या पाण्यावरचा वारा विरतो. पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा जोर संपलेला असतो आणि उन्हाळ्यात दुपारनंतर घाट चढून येणारा पश्चिमेचा वारा सुरू व्हायला मार्च उजाडतो. मधल्या काळात सकाळी धुकं, पाणी निपचित आणि शीड लोंबलेलं. हे तीन महिने आपल्या डिंगीला, म्हणजे शिडाच्या छोट्या बोटीला, द्यावेत. फायबरची बोट आतून वाळवायला कोरडी हवा लागते, आणि पुण्यात पावसाळाभर ती मिळत नाही.

थंडीत बोट ठेवण्याबद्दल वाचायला मिळणारे बरेचसे सल्ले युरोप-अमेरिकेतले आहेत. तिथे पाणी गोठतं, म्हणून नळ्यांमध्ये अँटिफ्रीझ भरतात आणि बोट प्लास्टिकमध्ये आवळून ठेवतात. इथे पारा ८-१० अंशांपर्यंत उतरला तरी पाणी गोठत नाही. उलट प्लास्टिक गच्च गुंडाळलं तर ओल आतच अडकते. आपल्याला सांभाळायचं ते बोटीच्या पोकळ धडाच्या, म्हणजे हलच्या, पोटातल्या पाण्यापासून आणि उन्हापासून.

१. आधी वजन करा

लेझर डिंगीचा (तिला आता इल्का म्हणतात) हल साधारण ५९ किलोचा असतो, ऑप्टिमिस्ट डिंगीचा ३५ किलोचा. दोन वजनकाटे घ्या, एक नाळेखाली (पुढच्या टोकाखाली) आणि एक मागच्या टोकाखाली ठेवा, हल लाकडी ठोकळ्यांवर तोला आणि दोन्ही आकडे मिळवा. तीन-चार किलो जास्त भरले तर आत पाणी आहे किंवा बोट तरंगावी म्हणून आत भरलेला फोम पाणी प्यायला आहे. आकडा खडूने न लिहिता वहीत लिहा, पुढे दर आठवड्याला लागेल.

२. पोट वाळवा, पण फक्त दुपारी

ड्रेनचं बूच काढा आणि ते भोक सर्वांत खाली येईल अशी बोट कलती ठेवा. तपासणीची गोल झाकणं उघडा. झाकणं नसतील तर या हंगामात एक तरी बसवून घ्या, त्याशिवाय आतला फोम वाळत नाही. एका झाकणाच्या तोंडाशी कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा लावा, दुसरं तोंड उघडं ठेवा.

इथे वेळ फार महत्त्वाची आहे. पुण्यात जानेवारीच्या पहाटे हवा दमट असते, दव पडतं. दुपारी तीच हवा तापते आणि आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून पंखा सकाळी ११ ते संध्याकाळी ५ एवढाच चालवा आणि ऊन उतरायच्या आत झाकणं बंद करा. रात्रभर पंखा चालू ठेवला तर दिवसभर बाहेर काढलेली ओल आपणच पुन्हा आत भरतो. ओला फोम असा वाळायला तीन-चार आठवडे लागतात. दर रविवारी वजन करा, सलग दोनदा आकडा हलला नाही की थांबा.

३. गळती शोधा

मास्ट (डोलकाठी) ज्या खोबणीत बसतो तिथून सुरुवात करा. खोबण पाण्याने काठोकाठ भरा आणि तासाभराने पातळी पाहा. पाणी उतरलं असेल तर ते हलमध्ये जातंय. याकडे दुर्लक्ष करू नका: खोबणीचा तळ सुटत चालला की एखाद्या जोराच्या वाऱ्यात मास्ट डेकसकट उखडतो.

बाकीच्यासाठी साबणाचं पाणी. ड्रेनच्या भोकात नळी घालून, बाजूने ओला फडका दाबून, तोंडाने हवा फुंका. दुसऱ्याने हल आणि डेकचा सांधा, सुकाणूच्या बिजागऱ्यांचे स्क्रू, पाय अडकवायच्या पट्ट्याचे स्क्रू आणि कॉकपिटच्या (बसायच्या खोलगट जागेच्या) बेलरभोवती, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेभोवती, साबण लावत जावं. बुडबुडे दिसतील तिथे पेन्सिलीने खूण करा. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर कधीही लावू नका. हल दाब सहन करायला बनवलेला नसतो, सांधा जागेवर फाटतो.

स्क्रूतून गळत असेल तर स्क्रू काढा, भोक दोन दिवस वाळू द्या आणि मरीन सीलंट भरून पुन्हा कसा. नुसतं वरून सीलंट फासलं तर एक हंगामही टिकत नाही.

४. जेलकोटची दुरुस्ती

जेलकोट म्हणजे फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर. त्यातल्या केसासारख्या चिरेवर अंगठा दाबून पाहा. पृष्ठभाग दबत असेल तर आतलं फायबर मोडलं आहे. तिथे आतून काचतंतूंच्या ४५० ग्रॅमच्या (दर चौरस मीटरला) मॅटचे दोन-तीन थर द्यावे लागतात, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा इंचभर मोठा. दबत नसेल तर काम वरवरचं आहे.

रेझिन, मॅट आणि जेलकोट फायबरच्या मूर्ती आणि टाक्या बनवणाऱ्यांना माल देणाऱ्या दुकानांत मिळतात. पॉलिश पेपर, ताडपत्री, दोऱ्या यांच्यासाठी बोहरी आळी पुरेशी आहे.

चीर स्क्रेपरच्या कोपऱ्याने इंग्रजी व्हीसारखी उघडा. ८० नंबरच्या पेपरने घासा, अ‍ॅसिटोनने पुसा, दहा मिनिटं सुकू द्या. १०० ग्रॅम जेलकोटला २ ग्रॅम कॅटॅलिस्ट (घट्ट करणारं रसायन) लागतो, म्हणजे सिरिंजने साधारण १.८ मिली. थेंब मोजू नका, प्रत्येक बाटलीचा थेंब वेगळा. एक टक्क्याच्या खाली जेलकोट नीट घट्ट होत नाही, तीनच्या वर गेला की ठिसूळ होतो आणि पुन्हा तडकतो.

आता सर्वांत महत्त्वाची सावधगिरी. आपल्याकडे रेझिनबरोबर दोन वेगळ्या बाटल्या मिळतात: जांभळट कोबाल्ट (क्रियेला वेग देणारा) आणि पाण्यासारखा दिसणारा एमईकेपी, म्हणजेच कॅटॅलिस्ट. हे दोन द्रव एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच कॅटॅलिस्ट घालायचा, आणि दोन्हींसाठी सिरिंज वेगळी. जेलकोटमध्ये कोबाल्ट आधीच घातलेला आहे का, हे दुकानदाराला विचारून घ्या. एमईकेपी डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून बाटली उघडण्याआधी गॉगल.

थंडीत बिघडतं ते इथेच. १५ अंशांखाली ही रासायनिक क्रिया जवळजवळ थांबते. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर भरलेला जेलकोट रात्री गारठतो आणि आठवडाभर चिकट राहतो, मग पेपर लावला की मेणासारखा निघून येतो. हे काम सुट्टीच्या दिवशी ११ ते १ च्या दरम्यान करा, म्हणजे ऊब असतानाच ते घट्ट होतं. जागा सावलीची हवी. थेट उन्हात हल तापतो आणि जेलकोट ब्रशवरच गोळा होतो.

भरल्यावर वर ओएचपीची पारदर्शक शीट चिकटवा. हवेला उघडा राहिलेला जेलकोट वरून ओलसरच राहतो, त्यामुळे ही शीट टाळू नका. दुसऱ्या दिवशी शीट काढून ४००, ६००, ८००, १२०० अशा क्रमाने पाण्यात भिजवलेल्या पेपरने घासा आणि शेवटी रबिंग कंपाउंड. उरलेलं रेझिन कपात आपोआप तापतं, ते कचऱ्याच्या डब्यात न टाकता उघड्यावर घट्ट होऊ द्या.

घासकाम आणि साबण दोन्ही घरी किंवा शेडमध्येच. खडकवासल्याचं पाणी शहर पितं, काठावर फायबरची धूळ सांडू नये.

५. शीड आणि दोर

शीड गोड्या पाण्यात, सौम्य साबणाने, हाताने धुवा. मशीन आणि इस्त्री दोन्ही वर्ज्य. सावलीत वाळवा. मग शिवणीवर नखाने जोर देऊन घासा: शिडाचं डेक्रॉनचं (पॉलिएस्टरचं) कापड शाबूत असतं तेव्हाही उन्हाने धागा कुजलेला असतो आणि नखाने तुटतो. असं झालं तर सगळी शिवण पुन्हा मारून घ्या. छोट्या फाटीला शिडाची चिकटपट्टी (सेल टेप) दोन्ही बाजूंनी, कोपरे गोल कापून. शीड घडी न घालता ७५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर गुंडाळा आणि उंच टांगा. उंदरांना ही जागा फार आवडते.

मेनशीटचा, म्हणजे शीड आत-बाहेर करायचा, दोर उलटा लावा, म्हणजे झीज नव्या जागी जाईल. ब्लॉक (दोराच्या कप्प्या) नुसते पाण्याने धुवा. बॉल बेअरिंगमध्ये तेल घातलं की शहराची धूळ त्यात बसते आणि महिन्याभरात बेअरिंग घासून झिजतं.

६. बोट ठेवायची कशी

विटांवर ठेवू नका. दुपारच्या उन्हात त्या दोन बिंदूंवर हल दबतो आणि खळगा कायमचा राहतो. रुंद पट्ट्यांच्या झोळीत किंवा पालथी घालून जुन्या टायरवर ठेवा. ताडपत्री हलला टेकवू नका: पीव्हीसी पाइपचा कणा करून मध्ये वीतभर हवा राहू द्या आणि दोन्ही टोकं उघडी ठेवा.

७. अंगाची तयारी

बोटीबाहेर झुकून बसताना मांड्या हलत नाहीत, ताणलेल्या अवस्थेत थांबतात. म्हणून पर्वतीच्या १०३ पायऱ्या किंवा वेताळ टेकडी दम वाढवायला उत्तम, पण तेवढ्याने भागत नाही. बाकावर बसून पाय पट्ट्याखाली अडकवा, पाठ मागे कलती धरा, ४० सेकंद थांबा, मिनिटभर विश्रांती, असे सहा वेळा. आठवड्यातून तीन दिवस, दर आठवड्याला पाच सेकंद वाढवा. गुडघा आतून दुखला तर कलणं कमी करा.

पाण्यावर जायचंच असेल तर ११ ते ४ मध्ये जा. मंद वाऱ्यात वजन पुढे आणि शांत ठेवायचा सराव या दिवसांतच होतो. सुती कपडे नकोत, ते ओले झाले की अंग गारठतं. वल्हं बरोबर हवंच, कारण सूर्य कलला की वारा एकदम पडतो.

८. पहिली फेरी

होळीच्या सुमाराला धरणाची पातळी उतरलेली असते. गेल्या हंगामात बिनधास्त ओलांडलेल्या जागी आता खडक आणि झाडांचे बुंधे वर आलेले असतात, म्हणून डॅगरबोर्ड (बोटीखाली पाण्यात उतरवायची फळी) उतरवण्याआधी काठाने एक फेरी पायी मारा. लाइफ जॅकेटचा फोम दाबून पाहा, दबलेला फोम फुगून परत आला नाही तर जॅकेट बदला. जलाशयावर जायची परवानगी चालू आहे ना, तेही पाहून घ्या.

पहिल्या दिवशी अर्धा तासच चालवा. काठावर आल्यावर बूच काढून बोट कलती करा आणि निघालेलं पाणी मगात धरा. अर्ध्या कपापर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर साबणाची बाटली घेऊन तिसऱ्या पायरीवर परत या.