कथेतले प्रेम वाचकाला पटावे म्हणून

कथेतील दोघांचे प्रेम पटत नाही असे कोणी सांगितले, की लेखक बहुधा संवाद अधिक भावपूर्ण करू लागतो किंवा भेटीचे आणखी दोन प्रसंग घालतो. दोष मात्र त्याच्या बराच आधी राहून गेलेला असतो: या दोघांनी नेमके एकमेकांवरच प्रेम का करावे, हे लेखकाने स्वतःलाच विचारलेले नसते. ‘ती सुंदर आहे’ किंवा ‘तो मनमिळाऊ आहे’ हे त्याचे उत्तर नव्हे, कारण ते कोणत्याही पात्राला लागू पडते. म्हणून लेखनाला बसण्यापूर्वी दोन्ही पात्रांसाठी एकेक वाक्य लिहून ठेवावे: इतरांच्या नजरेतून सुटलेले असे काय याने समोरच्या माणसात पाहिले?

समजा, नायिकेला डाव्या कानाने कमी ऐकू येते आणि ही गोष्ट तिने कामाच्या ठिकाणी कोणालाही सांगितलेली नाही. काही आठवड्यांनी तिच्या ध्यानात येते, की एक सहकारी तिच्याबरोबर चालताना न चुकता उजव्या बाजूला येतो. त्याने काही विचारलेले नाही, तिनेही काही कबूल केलेले नाही. तरीही वाचकाला जे कळायचे ते कळलेले असते. इथे ‘त्याला ती आवडू लागली होती’ असे वाक्य जोडले, की प्रसंगाचा विरस होतो. आपल्या काव्यशास्त्राने हा दोष फार पूर्वी हेरला होता. रस आणि भाव यांचा थेट त्यांच्या नावाने उच्चार करणे, याची गणना संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त रसदोषांमध्ये, म्हणजे रसाला बाधा आणणाऱ्या दोषांमध्ये, केली आहे; भाव प्रकटावा तो अनुभावांतून, म्हणजे पात्राच्या वागण्यातून आणि चेहऱ्यावरच्या बदलांतून. मसुदा तपासताना ‘प्रेम’, ‘ओढ’, ‘हुरहुर’ असे शब्द अधोरेखित करावेत आणि त्यांच्या जागी एखादी कृती येऊ शकते का, ते पाहावे. सगळेच खोडण्याची गरज नाही, कारण दीर्घकाळ टाळलेला शब्द अखेर एकदाच उच्चारला गेला, तर त्याला मोठे वजन येते.

अडथळ्याच्या बाबतीत अधिक कठोर व्हावे. एका फोनने मिटू शकणारा गैरसमज शंभर पाने ताणला, की वाचकाची सहानुभूती संपते. अडथळा पात्रांच्या स्वभावातून यावा. जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या ६१ प्रकरणांच्या कादंबरीत डार्सी ३४व्या प्रकरणात एलिझाबेथला मागणी घालतो आणि ती स्पष्ट नकार देते. तिच्या आरोपांपैकी थोरल्या बहिणीचे लग्न मोडू पाहिल्याचा आरोप खरा आहे, तर विकहॅम या तरुण अधिकाऱ्यावरच्या अन्यायाचा आरोप ऐकीव आणि खोटा आहे. त्यामुळे दोघांनाही स्वतःकडे नव्याने पाहावे लागते. पुढे डार्सी तिच्या धाकट्या बहिणीची अब्रू वाचवतो, तेही आपले नाव गुप्त ठेवून. नकारानंतरही पिच्छा पुरवणारा नायक आणि हा नायक यांतला फरक लेखकाने नीट समजून घ्यावा, कारण पाठलागाला निष्ठा म्हणून रंगवणे मला अक्षम्य वाटते.

भांडणही प्रेमाइतकेच नेमके हवे. जवळच्या माणसाला कुठे दुखते हे ठाऊक असते, म्हणून त्याचा घाव खोल जातो. वरच्या उदाहरणातला सहकारी रागाच्या भरात मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला येऊन काही पुटपुटला, तर ते अपशब्दापेक्षा अधिक क्रूर ठरेल, आणि त्यानंतरची क्षमायाचना सोपी असणार नाही.

पडद्यासाठी लिहिताना बोलणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याला महत्त्व द्यावे आणि पटकथेत त्याची प्रतिक्रियाही नोंदवावी. मित्र, काम, जुनी भांडणे हे दोघांचे स्वतंत्र आयुष्यही कथेत दिसू द्यावे.

मसुदा पूर्ण झाल्यावर एक प्रसंग असा लिहून पाहावा, ज्यात दोघांपैकी एकच जण उपस्थित आहे आणि दुसऱ्याचा उल्लेखही नाही. तिच्या उजव्या बाजूची जागा रिकामी आहे, आणि चालता चालता ती नकळत थोडी डावीकडे सरकून चालते आहे, एवढे त्यात दिसले तरी पुरे.