सरत्या वर्षातील आवडत्या चित्रपटांची यादी कशी करावी

वर्षातील आवडत्या चित्रपटांची यादी करायला बसणाऱ्याने सर्वांत आधी एक रूक्ष वाटणारा प्रश्न निकालात काढावा, तो म्हणजे वर्ष नेमके कशावरून धरायचे. चित्रपटाला एकच जन्मतारीख नसते. मालेगावात हौसेने चित्रपट बनवणाऱ्या मित्रांवरचा, रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ टोरांटोच्या महोत्सवात सप्टेंबर २०२४ मध्ये दाखवला गेला, आपल्याकडील चित्रपटगृहांत २८ फेब्रुवारी २०२५ रोजी लागला आणि ओटीटीवर त्याहूनही नंतर आला. रोहन कानवडे यांच्या ‘सबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळाले, तेव्हा त्याच्या बातम्या सर्वांनी वाचल्या, चित्रपट मात्र भारतात सप्टेंबर उजाडल्यावरच पाहायला मिळाला. म्हणून भारतातील सर्वसामान्य प्रेक्षकाला चित्रपट ज्या दिवशी पहिल्यांदा पाहता आला, मग ते तिकीट काढून असो वा घरबसल्या, तोच दिवस धरावा आणि हा नियम यादीच्या माथ्यावर एका ओळीत लिहून टाकावा.

खानदेशात राहणाऱ्यांना याला एक पुरवणी जोडावी लागते. पुण्या-मुंबईत लागलेला प्रत्येक चित्रपट धुळे, जळगाव किंवा नंदुरबारपर्यंत येतोच असे नाही, आणि आला तरी आठवडाभर, सकाळी अकराच्या एकाच खेळापुरता येतो. नोकरदार माणसाने अकराच्या खेळाला कसे जावे, हे वेळापत्रक लावणाऱ्यांनाच ठाऊक. हिंदी चित्रपट चित्रपटगृहातून ओटीटीवर येण्यास साधारणपणे आठ आठवडे घेतात. म्हणजे डिसेंबरमधील चित्रपट आपल्याला फेब्रुवारीत गवसणार. त्यामुळे ३१ डिसेंबरला यादी जाहीर करण्याची घाई महानगरांतील मंडळींनी खुशाल करावी, आपण फेब्रुवारीअखेरची मुदत ठेवावी.

पुढचे काम नोंदींचे आहे आणि ते डिसेंबरात नव्हे, जानेवारीतच सुरू करायचे असते. जपून ठेवलेल्या तिकिटांवर विसंबू नये. हल्लीची तिकिटे उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावर असतात आणि आपल्याकडच्या मे महिन्यात असे तिकीट गाडीच्या डिकीत राहिले, तर त्यावरचे अक्षर ओळखू येत नाही. पाहिलेले चित्रपट नोंदवण्याच्या लेटरबॉक्स्डसारख्या ॲपमध्ये रोजनिशीची सोय आहे, पण साधी वही अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यात तारे देण्याचा मोह होत नाही. चित्रपटाचे नाव, तारीख, ठिकाण, खेळाची वेळ, मूळ भाषेत पाहिला की डब केलेला, आणि त्याच रात्री लिहिलेली दोन वाक्ये एवढे पुरते. माझ्या वहीतील ‘सुपरबॉइज’ची नोंद अशी आहे : ‘दुपारचा खेळ, निम्मे सभागृह रिकामे. यंत्रमागावर राबणारा शफीक सुपरमॅनच्या पोशाखात पडद्यावर दिसला, तेव्हा मागच्या रांगेतले बोलणे बंद झाले.’ या नोंदीत चित्रपटाविषयी मत असे काहीच नाही, तरी वर्षअखेरीस तो आठवायला तीच कामी आली.

आता निवडीकडे वळू. येथे ‘उत्तम’ आणि ‘आवडता’ यांची गल्लत सर्वाधिक होते. उत्तम ठरवण्यासाठी परीक्षक मंडळे आहेत, पारितोषिके आहेत. आवडत्याची जबाबदारी आपली एकट्याची असते. त्यासाठी वहीतील सर्व नावे कागदावर उतरवावीत, वही मिटावी आणि प्रत्येक नावापुढे त्या चित्रपटातील एक तरी प्रसंग आठवून लिहिता येतो का, हे पाहावे. ज्याच्यापुढे फक्त कथानकाचा सारांश सुचतो, तो चित्रपट तूर्त बाजूला ठेवावा. ‘छावा’ मी भरगच्च सभागृहात पाहिला, इतरांबरोबर टाळ्याही वाजवल्या. पण महिन्याभराने आठवू लागलो, तेव्हा चित्रपटापेक्षा ते सभागृहच अधिक स्पष्ट आठवले, आणि म्हणून तो यादीबाहेर राहिला. उलट शिवराज वायचळ यांचा ‘आता थांबायचं नाय’ मी बेताच्या अपेक्षेने पाहिला होता, परंतु दिवसभर महापालिकेचे काम करून रात्रशाळेच्या बाकावर दहावीसाठी बसलेली ती वयस्क माणसे डोळ्यांपुढून हटेनात.

यापेक्षा अवघड कसोटी आपलेपणाची आहे. मालेगाव सरकारदरबारी नाशिक जिल्ह्यात असले, तरी धुळ्याहून पन्नासेक किलोमीटरवर आहे, आणि तेथील यंत्रमागांचा खडखडाट व चित्रपटवेड आमच्या ओळखीचे आहे. अशा गावावरचा चित्रपट पाहताना नकळत गुण वाढवून दिले जातात. तेव्हा हीच गोष्ट इचलकरंजीत किंवा भिवंडीत घडली असती, तर आपल्याला इतकी भिडली असती का, असे स्वतःला विचारावे. ‘सुपरबॉइज’च्या बाबतीत माझे उत्तर होकारार्थी आले, कारण त्यातील खरा ताण गावाचा नाही, गाजलेल्या चित्रपटांची विडंबने करून लोकांना हसवणारा नासिर आणि आपण आपली स्वतःची गोष्ट सांगू, असा हट्ट धरणारा लेखक फरोग, यांच्यातील तो आहे, आणि असे दोन मित्र कोणत्याही गावात दुरावू शकतात. तरीही ओळखीच्या रस्त्यांचा आनंद खोटा नसतो. तो लपवून ठेवण्यापेक्षा टिपणात स्पष्ट कबूल करावा, म्हणजे वाचणारा आपल्या परीने तेवढी वजावट करून घेईल.

यादीत किती नावे असावीत, याचा फार खल करू नये. दहाच हवीत असा कोठेही नियम नाही. सात खरोखर आवडले असतील, तर सातच लिहावेत. क्रमांक द्यायचे तर पहिल्या दोन-तीन नावांना द्यावेत. आठवा आणि नववा यांतील फरक आपल्यालाही सांगता येत नाही.

प्रत्येक नावाखाली एक छोटे टिपण हवे, आणि यादी वाचनीय होते ती याच ठिकाणी. ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’, ‘एकदा अवश्य पाहावा’ हे शब्द खोडून काढावेत. गप्पांत ‘पिच्चर भारी शे’ एवढ्यावर काम भागते, टिपणात भागत नाही. चित्रपटातील एखादी परिस्थिती घ्यावी आणि तिने आपल्याला का धरून ठेवले, ते सांगावे. ‘सबर बोंडं’विषयी मी लिहिले : ‘वडिलांच्या सुतकासाठी आनंद मुंबईहून गावी येतो. या दहा दिवसांत काय ल्यावे, काय खावे, हे सारे ठरलेले आहे, आणि भोवतीच्या नातेवाइकांना त्याच्या लग्नाचीही घाई आहे. बालमित्र बाळ्याबरोबर रानात असतानाच काय तो त्याला मोकळा श्वास घेता येतो.’ शेवट उघड केला नाही, तरी चित्रपटाचा पोत कळतो.

टिपणातील तथ्ये मात्र तपासून घ्यावीत. दिग्दर्शक आणि नट यांच्यापलीकडे जाऊन लेखक व छायालेखक यांची नावे श्रेयनामावलीतून उतरवून घ्यावीत आणि चित्रपट कशावर आधारलेला आहे, हेही पाहावे. नीरज घेवान यांच्या ‘होमबाउंड’चे मूळ, टाळेबंदीच्या काळात गावाकडे निघालेल्या दोन मित्रांविषयी बशारत पीर यांनी २०२० साली न्यू यॉर्क टाइम्समध्ये लिहिलेल्या लेखात आहे, हे कळल्यावर त्या दोघांच्या मैत्रीविषयी लिहिताना माझी लेखणी आपोआप जपून चालू लागली.

कच्ची यादी एकदा मोठ्याने वाचून दाखवावी. आपल्याकडे हिवाळ्यात शेतावर भरीत-पुरीचा बेत ठरतोच. वांगी वाळलेल्या काटक्यांवर भाजली जात असतात, तेवढा वेळ यासाठी उत्तम. ऐकणाऱ्यांच्या ‘का?’ला जेथे उत्तर सुचत नाही, ते नाव पुन्हा तपासावे. पण मित्रांना आवडलेला चित्रपट केवळ त्यांच्या आग्रहाखातर घुसडू नये.

यादीच्या खाली ‘पाहायचे राहून गेलेले’ असा एक रकाना अवश्य ठेवावा. एकाच खेळासाठी धुळ्याहून नाशिकपर्यंत दीडशे किलोमीटर जाणे दरवेळी जमत नाही, आणि त्यामुळे हुकलेले चित्रपट वाचणाऱ्याला कळले, तर अमुक नाव का नाही, असा वाद उद्भवत नाही. जानेवारीत पुण्याच्या चित्रपट महोत्सवात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवात पाहिलेले, परंतु अद्याप सर्वत्र न लागलेले चित्रपट वेगळ्या पानावर लिहून पुढील वर्षासाठी राखून ठेवावेत. मुदतीनंतर पाहिलेला एखादा चित्रपट फारच आवडला, तर मूळ यादीत फेरफार न करता तो तारखेसह खाली पुरवणी म्हणून जोडावा.