पुरात कॉलेज बंद पडलं तर शिकवणं चालू कसं ठेवायचं, आत्ताच करून ठेवायची तयारी

कोल्हापूर-सांगली पट्ट्यात जे शिकवतात त्यांच्यासाठी लिहितोय, चिपळूण-महाडवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. पूर म्हटलं की मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच की ऑनलाइन घेऊ की, त्यात काय. पण जुलै २०२१ आठवा, तेव्हा कोरोनामुळे कॉलेजं आधीच ऑनलाइन होती, तरी चिपळूणात पाणी शिरलं आणि लाईट गेली, नेटवर्क गेलं, पोरं फोनवरसुद्धा सापडेनात. त्यामुळे लाईव्ह लेक्चर हा विचार पहिल्या आठवड्यापुरता तरी बाजूला ठेवा. ज्याचा फोन दिवसातून एकदाच चार्ज होतोय त्या पोराला काय मिळेल, तिथून प्लॅन सुरू करा.

पहिलं काम जूनमध्येच करायचं, वर्गाची यादी. हजेरीपटावरची नाही, वेगळी. पोरगं कुठल्या गावचं, घर नदीकाठाला आहे का, फोन स्वतःचा की घरात एकच, आणि दुसऱ्या गावातल्या एखाद्या पाहुण्यांचा नंबर, कारण पाणी वाढलं की माणसं तिकडेच जातात. ही यादी कागदावर पण ठेवा, नुसती ड्राइव्हवर असली तर लाईट नसताना तुमच्याही कामाची नाही. सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, वर्गाला एक असतो, इथे मात्र गावाला एक नेमा. कुरुंदवाडचा एक, चिखलीची एक, असं. एसटी बंद झाली, रस्ते तुटले की गावातल्या गावात निरोप पोचवणारं माणूसच उपयोगी पडतं.

दुसरं, प्रत्येक पेपरचं दोन आठवड्यांचं पाकीट. यात मी जास्त वेळ घालवा म्हणेन, कारण खरं शिकवणं यातच आहे. एका टॉपिकला दोन पानांची नोट, एक दहा मिनिटांची व्हॉइस नोट, तीन प्रश्न, बस्स. व्हॉट्सॲपवर रेकॉर्ड केलेली तेवढी व्हॉइस नोट दोन-तीन एमबीत बसते, व्हिडिओला कितीतरी पट डेटा जातो. नोटमध्ये पुस्तकातलं उतरवू नका, वर्गात फळ्यापाशी उभं राहून जे सांगता ना, "इथे सगळे चुकतात, नीट बघा", ते लिहा. फाईलचं नाव पण सरळ द्या, "अर्थशास्त्र सेम ३ टॉपिक ४", नाहीतर पोरांच्या फोनमध्ये दहा डॉक्युमेंट नुसत्या आकड्यांच्या नावानं पडून राहतात आणि कुठलं काय ते कळत नाही. आणि हे पाकीट शेजारच्या सहकाऱ्याकडेही हवं, कारण पुरात सर-मॅडमही अडकतात.

पाठवायचं कधी हेही आधीच ठरवा. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. सांगलीत आयर्विन पुलाला ४० आणि ४५. पाणी इशारा पातळीला टेकलं की त्याच दिवशी पाकीट सोडायचं, धोका पातळीची वाट बघत बसलात तर तोवर टॉवर चालू असतीलच असं नाही. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना झेरॉक्स हातात द्या, खर्च कॉलेजनं करावा.

त्याच दिवशी तळमजला रिकामा करा. उत्तरपत्रिका, इंटर्नलचे मार्क, जर्नल्स वर न्या, मार्कांचे फोटो काढून ठेवा. केमिस्ट्रीवाल्यांनी सोडियमची बाटली खालच्या कपाटात ठेवूच नये, पाणी लागलं की पेट घेते ती.

कॉलेजात पाणी आलं नाही तरी वर्ग मिळतील असं धरू नका. उंचावरच्या शाळा-कॉलेजात पूरग्रस्तांची सोय केली जाते आणि ती व्हायलाच हवी, तिथे तास घेण्याचा हट्ट करू नये.

बंदच्या काळात निरोप एकाच ग्रुपवर, एकाच माणसाकडून, रोज संध्याकाळी एका ठरलेल्या वेळेला. काहीच नवीन नसेल तरी "आज नवीन काही नाही, परीक्षेची तारीख अजून ठरलेली नाही" एवढं टाका, त्यानं अफवा थांबतात. ऑनलाइन हजेरी घेऊ नका. ७५ टक्क्यांची भीती पोरांना फार असते, तेव्हा या दिवसांची हजेरी कुणाच्या अंगावर येणार नाही हे प्राचार्यांच्या सहीनं लेखी द्या, सबमिशनची तारीख पण पुढे ढकला.

सीएचबीवाल्या, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सहकाऱ्यांचं इथे राहून जातं. त्यांना मानधन तासावर, तास नाही तर पैसे नाहीत, पण पाकीट त्यांनीही बनवलेलं असतं, फोनवर शंकाही तेच सोडवतात. हे काम तास म्हणून धरायचं का, कसं नोंदवायचं, ते सत्र सुरू होतानाच प्राचार्यांशी बोलून कागदावर आणा, नंतर कोण विचारत नाही.

पोर्शनचं टेन्शन घेऊ नका. चार क्रेडिटच्या पेपरला ६० तास, दोन आठवडे गेले तर आठ तास गेले. आपापल्या टीचिंग प्लॅनमध्ये आत्ताच खूण करा, कुठले आठ तास पोरं स्वतः वाचून काढू शकतात. प्रॅक्टिकलला मात्र असं चालत नाही, व्हर्च्युअल लॅब्सच्या साईटवर प्रयोग बघता येतात पण हातानं करायला यावंच लागतं, तर कॉलेज उघडल्यावर दोन-तीन दिवस सलग बॅच लावा.

उघडल्यावर पहिले दोन दिवस नवीन काही शिकवू नका, घरातला चिखल काढून आलेली पोरं असतात. कुणाची पुस्तकं गेली, कुणाचं जर्नल भिजलं, कुणाच्या मार्कशीट गेल्या, याची नोंद करा, लायब्ररीतनं पुस्तकं सत्रभरासाठी द्या. जर्नल पुन्हा लिहायला लावू नका, तपासल्याची नोंद आपल्या रजिस्टरला आहे तेवढी पुरे. आणि जो तिसऱ्या दिवशीही आला नाही त्याला त्या जूनच्या यादीतल्या पाहुण्यांच्या नंबरवर फोन लावा.