वायरलेस कॅमेरा घेताना आधी भिंत बघा, मग वायफाय, मेगापिक्सेल शेवटी

नागपूरच्या बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) दुकानात जाऊन "चांगला वायफाय कॅमेरा दाखवा" म्हटलं की डबे समोर येतात ते मेगापिक्सेलच्या क्रमाने. दोन, तीन, चार, पाच. आकडा वाढला की भाव वाढतो. पण घरी लावलेला कॅमेरा कामाच्या वेळी दगा देतो तो मेगापिक्सेल कमी पडले म्हणून क्वचितच. जागा चुकलेली असते, वीज नीट पोचत नसते, नाहीतर राउटर आणि कॅमेऱ्याच्या मधे स्लॅब आलेला असतो. म्हणून खरेदी शेवटी. आधी कागदावर घराचा नकाशा काढा.

आपल्याकडच्या लेआउटमधलं नेहमीचं घर धरू. ३० बाय ५०चा प्लॉट, खाली-वर दोन मजले, समोर फाटक, पोर्चमधे गाडी, बाजूने तीन फुटांची बोळ, मागे धुण्याभांड्याची जागा आणि गच्चीवर जाणारा बाहेरचा जिना. अशा घराला चार कॅमेरे पुरतात: पोर्चमधून फाटकाकडे बघणारा, बाहेरच्या जिन्यावरचा, मागच्या दारावरचा आणि हॉलमधला. बरेच जण दोन कॅमेरे फाटकावरच खर्च करतात आणि जिना मोकळा सोडतात. बाहेरचा जिना म्हणजे एकही कुलूप न तोडता थेट गच्चीच्या दारापर्यंत नेणारा रस्ता, आणि ते दार घरातल्या इतर दारांपेक्षा बहुतेकदा कच्चं असतं. दोनच कॅमेऱ्यांचं बजेट असेल तर एक पोर्चला आणि दुसरा जिन्याला द्या.

आता लेन्स. कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ओळखीचा माणूस ओळखू यायला चित्रात दर मीटर रुंदीला साधारण १२५ पिक्सेल लागतात, आणि अनोळखी माणसाचा चेहरा पुढे पटवता यावा म्हणून २५०. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १९२० पिक्सेल असतात, म्हणजे २५०च्या हिशेबाने साडेसात मीटरच्या आसपास रुंदी. सर्रास मिळणाऱ्या २.८ मिमी लेन्सला (मिमीचा आकडा लहान तितकं चित्र रुंद) एवढी रुंदी तीन मीटरवरच भरते. त्यापुढे माणूस दिसतो, चेहरा पटत नाही. पोर्चच्या भिंतीपासून फाटक साडेचार मीटरवर असेल तर या कॅमेऱ्याला तिथे १६० च्या आसपास पिक्सेल मिळतील. म्हणजे शेजारचे काका ओळखू येतील, चोर नाही. तिथे चार मेगापिक्सेल आणि ४ मिमी लेन्स घ्या; त्याच अंतरावर तीनशेच्या वर जाता. मागच्या दारावर मात्र २.८ मिमी, दोन मेगापिक्सेल पुरे, कारण तिथे माणूस कॅमेऱ्याजवळच येणार. अरुंद बोळीसाठी कॅमेरा ९० अंशात आडवा पाडून लावता येतो का आणि ॲपमधे चित्र फिरवायची सोय आहे का, ते दुकानातच विचारा. नाहीतर अर्धं चित्र दोन्ही बाजूंच्या भिंतींचंच येतं.

इथली एक अडचण कुठल्या डब्यावर लिहिलेली नसते. एप्रिल-मेमधे अर्धं नागपूर तोंडाला दुपट्टा बांधून फिरतं. कॅमेरा कितीही चांगला असला तरी त्या दिवसांत चेहऱ्यावर भिस्त ठेवता येत नाही. गाडी कोणती, किती वाजता आली, कुठून कुठे गेली, हेच हाताशी उरतं. त्यामुळे एका कॅमेऱ्याच्या चित्रात फाटकाबाहेरचा थोडा रस्ता येऊ द्या. मात्र रात्री एमएच ३१ की एमएच ४९ हे साध्या कॅमेऱ्यात वाचता येईल अशी आशा नको. नंबर प्लेटवरून कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा) उजेड परततो आणि पाटी पांढरीफटक दिसते.

वीज: सगळ्यात जास्त घोटाळे इथेच

वायफाय कॅमेऱ्याला चोवीस तास वीज लागते. ५ व्होल्टचे आणि १२ व्होल्टचे, असे दोन प्रकार मिळतात. ५ व्होल्टच्या कॅमेऱ्याला पाच मीटरची बारीक यूएसबी वायर जोडली की एक ठरावीक बिघाड दिसतो: दिवसा कॅमेरा व्यवस्थित चालतो आणि अंधार पडला की बंद-चालू, बंद-चालू होतो. लोक कॅमेरा बदलून आणतात, तरी तेच. कारण वायरीत आहे. अंधार पडल्यावर इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट वाढतो आणि बारीक तांब्यात व्होल्टेज गळतं. २४ गेजच्या पाच मीटर वायरीत जाऊन-येऊन ०.८ ओहमच्या वर रोध असतो. एक अँपिअरला ०.८ व्होल्ट गेले, म्हणजे पाचातले ४.२च उरले. स्वस्त चार्जिंग केबलची तार याहून बारीक असते. १२ व्होल्टच्या कॅमेऱ्याला त्याच वायरीतून अर्धा अँपिअर लागला तर तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत, आणि कॅमेरा तो सहज सोसतो. तेव्हा प्लगपासून कॅमेरा दोन मीटरहून लांब असेल तर १२ व्होल्टचाच घ्या. नाहीतर इलेक्ट्रिशियनकडून २३० व्होल्टची लाइन कॅमेऱ्याच्या बॉक्सपर्यंत नेऊन अडॅप्टर तिथेच बसवा.

लाइट गेली की राउटरही जातो, हे विसरलं जातं. कॅमेरे आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. चार कॅमेरे आणि राउटर मिळून ३०-३५ वॅट होतात, म्हणजे पंख्याच्या निम्मे. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. फायबरचा डबा राउटरपासून वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप लागेल. लाइट परत येताना झटका बसतो, म्हणून अडॅप्टर स्पाइक गार्डवर ठेवा.

बॅटरीचे कॅमेरे जाहिरातीत छान दिसतात, वायरिंगही नको. पण नागपूरच्या उन्हात आम्ही ते पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीसाठी सुचवणार नाही. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि चांगल्या कॅमेऱ्यात चार्जिंग तिथे आपोआप थांबतं. इथे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, तोही सावलीतला. उन्हातल्या भिंतीवरचा डबा त्याहून कितीतरी तापतो. सोलर पॅनेल ऐन उन्हात आणि बॅटरी चार्ज घ्यायला नकार देते, असा प्रकार होतो. दुसरं म्हणजे हे कॅमेरे बॅटरी वाचवायला झोपून राहतात आणि अंगाची उष्णता टिपणारा सेन्सर त्यांना जागं करतो. हा सेन्सर माणूस आणि मागची भिंत यांच्या तापमानातला फरक पाहतो. नवतपात संध्याकाळी तापलेली भिंतही अंगाइतकीच गरम असते. फरक नाही, म्हणून सूचना नाही. भाड्याच्या घरात भोक पाडायला मनाई असेल तर बॅटरीचा कॅमेरा आतल्या जिन्यात किंवा उत्तरेच्या सावलीत ठीक.

वायरचा कॅमेरा घेतानाही माहितीपत्रकात तापमानाची वरची मर्यादा बघा. ४० लिहिलेलं असेल तर तो घराबाहेर नकोच, ५० किंवा ६० हवं. पाण्यासाठी आयपी६५ (आयपी म्हणजे धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) छताखाली चालेल. उघड्या भिंतीवर आयपी६६ किंवा ६७.

वायफाय

बहुतेक बाहेरचे कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ते बरंच आहे, कारण भिंत भेदून जायला तेच बरं. नऊ इंची विटेची एक भिंत चालते, दोन जड जातात, लोखंडी सळ्यांचा स्लॅब त्याहून वाईट. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि पोर्चवरचे पत्रे यांच्यापुढे सिग्नल हात टेकतो. उन्हाळ्यात खिडकीला कूलर लागतो तेव्हा पत्र्याचा डबा, आत पाण्याची टाकी आणि ओली जाळी असा पुरता अडसर उभा राहतो. फेब्रुवारीत छान चाललेला मागचा कॅमेरा एप्रिलमधे तुटक दाखवतो तो यामुळे. सिग्नलचा मार्ग कूलरच्या खिडकीतून जात असेल तर आधीच दुसरा ठरवा.

तपासायचं असं: रात्री आठ-नऊला, शेजाऱ्यांचे राउटर जोरात असताना, दारं लावून, फोन २.४ च्या नेटवर्कवर ठेवा आणि कॅमेऱ्याच्या नेमक्या जागी धरा. वायफाय मोजणाऱ्या ॲपमधे उणे ६० डीबीएम (सिग्नलचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं चांगलं) किंवा त्याहून चांगलं आलं तर निश्चिंत. उणे ६७ पर्यंत चालेल. उणे ७५ च्या खाली असेल तर कॅमेरा घेऊच नका, आधी मधे मेश युनिट (सिग्नल पुढे नेणारा जोड-राउटर) ठेवा. राउटरमधे चॅनेल १, ६ किंवा ११ यातलं कमी गर्दीचं निवडा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

कॅमेरा पहिल्यांदा जोडताना "नेटवर्क मिळत नाही" आलं तर दोन कारणं आधी तपासा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला एकच नाव दिलेलं असतं आणि फोन ५ वर असतो. किंवा राउटर फक्त डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेचा नवा प्रकार) वर लावलेला असतो, जो अनेक कॅमेऱ्यांना कळत नाही. दोन्ही नावं वेगळी करा, सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा.

रिकाम्या प्लॉटवर किंवा बेसा-हिंगण्याकडे बांधकाम चालू असेल तिथे सिमकार्डचा ४जी कॅमेरा लागतो. सेकंदाला २ मेगाबिटच्या चित्राला तासाला ०.९ जीबी जातो. रोजचा २ जीबीचा पॅक सव्वादोन तास थेट बघितलं की संपतो. हालचाल झाली तरच क्लिप पाठवायची, असं सेटिंग ठेवा.

साठवण आणि सुरक्षा

हिशेब सोपा आहे. एच.२६५ (व्हिडिओ आवळून साठवायची पद्धत) मधे सेकंदाला २ मेगाबिटचं सलग रेकॉर्डिंग दिवसाला २१.६ जीबी खातं. १२८ जीबीच्या कार्डात जेमतेम सहा दिवस. लग्नाला आठ दिवस गावी गेलात तर पहिले दिवस पुसले गेलेले असतील. २५६ जीबीचं घ्या, आणि कार्ड हाय एन्ड्युरन्स (सतत लिहिणं सोसणाऱ्या) प्रकारचंच. फोनमधलं जुनं कार्ड सततच्या लिखाणाने लवकर मरतं. कार्ड कॅमेऱ्यातच असतं आणि चोर कॅमेराच उपटून नेतो, तेव्हा निदान फाटकाच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दुसरीकडेही हवं: क्लाउडवर किंवा आतल्या कपाटातल्या एनव्हीआरमधे (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग नेटवर्कवरून साठवणारा डबा). चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क अकरा दिवस पुरते. एनव्हीआर पुढेमागे घ्यायचा असेल तर कॅमेऱ्यावर ऑनव्हिफ किंवा आरटीएसपी (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांना जोडायच्या सामाईक पद्धती) लिहिलंय का ते आजच बघा, नाहीतर एकाच कंपनीच्या दावणीला बांधले जाल.

डब्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो बीआयएस केअर ॲपमधे टाकून तपासता येतो. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणीही सक्तीची आहे, तेव्हा गोडाऊनमधला जुना माल स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका. २०१६ मधे मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिल्यामुळे. पासवर्ड बदला, ॲपमधे दुहेरी पडताळणी चालू करा, राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना बाहेरून आपोआप वाट उघडून देणारी सोय) बंद करा आणि कॅमेऱ्यांना गेस्ट नेटवर्कवर ठेवा. एनव्हीआर असेल तर तो आणि कॅमेरे एकाच नेटवर्कवर लागतात.

बसवताना

१. आधी कॅमेरा टेबलावर जोडा, अपडेट करा, कार्ड फॉरमॅट करा. शिडीवर उभं राहून क्यूआर कोड दाखवायची वेळ येऊ देऊ नका.

२. उंची आठ ते नऊ फूट, तोंड थोडं खाली. बारा फुटांवर लावला तर फक्त टोप्या आणि हेल्मेट दिसतात. पश्चिमेकडे थेट तोंड नको. संध्याकाळी पाचनंतर चित्र धुवून निघतं.

३. दोन दिवस दोरीने बांधून ठेवा आणि रात्रीचं चित्र बघा. बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर, खांबावर किंवा तुळशीवृंदावनावर इन्फ्रारेड आदळत असेल तर जवळचं सगळं पांढरं आणि फाटक काळं दिसेल. खिडकीच्या काचेआडून लावलेल्या कॅमेऱ्याचंही रात्री हेच होतं.

४. मग ६ मिमीच्या हॅमर बिटने भोकं, प्लास्टिकची गिट्टी, स्क्रू. वायरीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा आणि वायर आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथून टपकून जाईल. जोड आणि कॅमेऱ्याची लोंबणारी शेपटी चार बाय चारच्या पीव्हीसी बॉक्समधे. बॉक्सच्या वरच्या तीन बाजूंना सिलिकॉन, खालची मोकळी.

५. शेजाऱ्यांची खिडकी किंवा अंगण चित्रात येत असेल तर ॲपमधल्या प्रायव्हसी मास्कने झाका.

पहिल्या पावसानंतर रात्री सूचनांचा पाऊस सुरू होतो. उजेडाला पाखरं येतात, पाखरांमागे पाल येते आणि लेन्ससमोर कोळी जाळं विणतो. पांढऱ्या दिव्याचे रंगीत रात्रीचे कॅमेरे यात जास्त सापडतात. सूचना फक्त माणसासाठी ठेवा, आणि पंधरवड्याला लेन्सवरून कोरडा ब्रश फिरवा. उन्हाळ्यात धुळीसाठीही तेच.

कॅमेऱ्याची वेळ बरोबर आहे का ते महिन्यातून एकदा फोनशी ताडून बघा. घटना घडलीच तर ११२ ला फोन करा, रेकॉर्डिंग लगेच थांबवून कार्ड काढून ठेवा, नाहीतर जुन्यावर नवं चढत जातं. पोलिसांना क्लिप व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत हॅश मूल्यासह (फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा खास आकडा) प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ फाइल न कापता, नाव न बदलता पेनड्राइव्हवर घ्या आणि मूळ कार्ड पाकिटात बंद करून तारीख घालून ठेवा.